अर्धं दाखवायचं नाही

१४ जुलै

भिंगरीस,

आशीर्वाद मी तू गाडीत बसलीस तेव्हाच दिला होता. तो इतक्यात शिळा होत नाही, म्हणून पुन्हा देत नाही.

तुझं पत्र पोचलं. चार ओळी, त्यातली एक पत्त्याची. "पोचले, खोली मिळाली, काळजी करू नकोस." काळजी मी करत नाही हे तुला माहीत आहे. ते काम तुझ्या बापाकडे आहे आणि तो ते ट्रक चालवता चालवता करतो. पण पत्र लिहायचं तर पत्रासारखं लिही. फोनवर मला ऐकू येत नाही. तीस वर्षं गिरणीत मागांच्या खडखडाटात बसून कापड रफू केलं, कान तिथेच ठेवून आले. तू तिकडून बोलतेस आणि मी इकडून अंदाजाने हो हो म्हणते. परवा मी कशाकशाला हो म्हटलं ते एकदा लिहून कळव.

मी तिसरी शिकलेली बाई. जोडाक्षरं हुकणार. कॉलेजात गेलीस म्हणून माझ्या पत्रावर लाल पेन चालवायचा नाही.

तू गेलीस त्याच दिवशी कोपऱ्यावरचे वकील कोट घेऊन आले. काळा. डाव्या खिशाच्या वर विडीने पडलेलं भोक, माझ्या अंगठ्याएवढं. म्हणाले, "बाई, असं करा की भोक होतं हे मलाही आठवायला नको." मी म्हटलं, "दोन आठवड्यांनी या." काळ्यावर काळं म्हणजे डोळ्यांचं वाटोळं. पुढच्या खोलीच्या खिडकीत अकरा ते एक उजेड येतो, तेवढ्यातच काय ते टाके दिसतात. पण होईल.

तुझी आई गेल्यापासून तू माझ्या दुकानातच वाढलीस. तुला मी स्वयंपाक धड शिकवला नाही, गोड बोलायला तर अजिबात शिकवलं नाही. एकच शिकवलं. अर्धं काम कुणाला दाखवायचं नाही. पुरं होईपर्यंत उशीखाली, पुरं झालं की समोर. तेवढं धरून राहिलीस तर कुठेही टिकशील.

पुढच्या बाकावर बस. मागे बसणारे झोपतात.

आजी

*

२७ जुलै

आजी,

तू मला दोन गोष्टींना हो म्हणालीस: केस कापू का, आणि तुझी निळी शाल मी आणली तर चालेल का. दोन्ही झालंय.

इथे सगळं छान आहे. खोलीत आम्ही चौघी. एकीचं घड्याळ पाचला वाजतं आणि ती स्वतः सातला उठते. वर्गात एकशे साठ जण आहेत. पुढचा बाक मिळायला अर्धा तास आधी जावं लागतं, मी जाते. सर फळ्याकडे तोंड करून माइकमध्ये बोलतात. शाळेत मी हात वर केला की बाई थांबायच्या. इथे हात वर केला तर कुणी बघतच नाही, मग मी तो डोक्यावरून फिरवून खाली घेते.

दर आठवड्याला प्रयोगशाळा असते. काचेच्या नळीतून थेंब थेंब औषध खालच्या बाटलीत सोडायचं, खालचं पाणी हलकं गुलाबी झालं की लगेच थांबायचं. माझं गडद झालं. एक थेंब जास्त पडला. त्याचा अहवाल लिहून सरांना दाखवायचा असतो. पण गडद झालेला कसा दाखवू? परत नीट करून मग देईन.

जेवण छान आहे. कोट झाला का?

भिंगरी

*

१० ऑगस्ट

भिंगरीस,

एका पत्रात दोन वेळा "छान". तुझ्या लहानपणापासून मला एक माहीत आहे, तुझं पोट दुखत असलं की तू छान म्हणतेस. खरं काय ते सांगायला टपालाची तिकिटं वेगळी लागत नाहीत.

केस कापलेस ते वाढतील. शाल माझी आहे, तिला कसर लागली तर तुझी.

तो गुलाबी रंग हलका की गडद, त्यातलं मला काही कळत नाही. पण नीट झाल्याशिवाय दिला नाहीस हे बरोबर केलंस. तुझ्या वयाच्या पोरी कसंतरी उरकतात आणि कुणाच्याही तोंडावर फेकतात. तू माझ्या हाताखालची आहेस हे तिथेही दिसू दे.

कोटाचं विचारलंस. होत आला आहे. आतल्या शिवणीतून त्याचाच धागा काढला, म्हणजे रंग तंतोतंत. उभे धागे सगळे भरले. आडवे घालताना खालचा कोणता आणि वरचा कोणता हेच दिसत नाही. सगळं काळंभोर. चार ओळी घालायच्या आणि दोन उसवायच्या असं चाललंय. वकील मंगळवारी आले होते. मी म्हटलं, "वाफ द्यायची राहिली आहे." वाफ कसली देते, भोक अजून उघडं आहे. पण त्यांना कशाला सांगू.

तुझा बाप येऊन गेला. दोन दिवस झोपला, तिसऱ्या दिवशी गाडी धुऊन गेला. भिंगरी कशी आहे म्हणाला. मी म्हटलं, "छान." बघ, तुझा शब्द उपयोगी पडला.

आजी

*

३ सप्टेंबर

आजी,

उशीर झाला, रागावू नकोस. खूप काम आहे. प्रयोगांचे अहवाल लिहायचे आहेत, आधीचे परत लिहायचे आहेत. सगळं ठीक आहे. छान लिहिणार नव्हते म्हणून ठीक लिहिलं.

तू कोट दिलास का? पुढच्या पत्रात नक्की लिही.

भिंगरी

*

२१ सप्टेंबर

भिंगरीस,

हे पत्र आहे की दूधवाल्याला लिहिलेली चिठ्ठी?

मी पुष्कळ विचार केला. सरळच विचारते. कुणी मुलगा आहे का? असला तर असू दे, माझं काही जात नाही. उंच आहे की बुटका, काय शिकतो, आणि हसताना तोंडावर हात ठेवतो का, एवढं लिही. हात ठेवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. शेजारचा शिंपी म्हणतो, या वयात पोरी पत्रं आखडती घेतात ते त्यामुळेच. त्याला तीन मुली आहेत, त्यातली एकही त्याच्याशी बोलत नाही, म्हणजे त्याला अनुभव आहे.

मुलगा नसेल तर मग आळस. आळसाला माझ्याकडे औषध नाही. सकाळी उठायचं, तोंड धुवायचं, कामाला बसायचं. यात बदल झालेला नाही, कॉलेजात जा नाहीतर चंद्रावर जा.

कोट दिला नाही. विचारतेस म्हणून सांगते, नाहीतर सांगणार नव्हते. वकील दर मंगळवारी बरोब्बर साडेपाचला येतात, कचेरी सुटली की. मागच्या वेळी मी त्यांना वळणावर बघितलं आणि पडदा ओढून आत बसले. त्यांनी कडी वाजवली. मला ऐकू येत नाही हे गावाला माहीत आहे, त्याचा पहिल्यांदा काहीतरी फायदा झाला. कडीच्या हादऱ्याने टेबलावरची कात्री हलली तेव्हा कळलं की अजून उभे आहेत. स्वतःच्या दुकानात चोरासारखी बसले होते. पण अर्ध्या भोकासकट कोट त्यांच्यापुढे धरू? इतकी वर्षं मी हे केलं नाही.

उत्तर लगेच.

आजी

*

१ ऑक्टोबर

आजी,

मुलगा नाही. असता तरी त्याला भेटायला वेळ कुठे होता.

मी आळशी नाही. हे तू शिंप्यालाही सांग. मी सकाळी सगळ्यांच्या आधी उठते आणि लिहायला बसते. लिहिलेलं वाचते, ते बरोबर नसतं, परत लिहिते. तेवढ्यात पुढच्या आठवड्याचा प्रयोग येतो. आता तर वर्गात जायचंही नको वाटतं. सर समोरून आले की मी जिन्याखाली थांबते. एकशे साठ जणांत एक नसली तर कुणाला कळतं?

एक विचारू? मी परत आले तर चालेल का? तुझ्यासमोरच्या स्टुलावर बसेन. सुईत दोरा ओवून देईन. तुला दिसत नाही ना आता. काळं मी भरेन. मला ते येतं. मला जे येतं ते तिथेच आहे आणि इथे जे आहे त्यातलं मला काहीच येत नाही.

थकले आहे. बाकी छान.

भिंगरी

*

८ ऑक्टोबर

भिंगरीस,

स्टुलावर वकिलांचा कोट ठेवलाय. जागा नाही.

दोन दिवस यायचं असेल तर ये, जेव, झोप आणि परत जा. कायमची येऊ नकोस. सुईत दोरा मी अजून एकटी ओवते. तीनदा थुंकी लावावी लागते, पण ओवते. माझ्या डोळ्यांच्या नावाखाली तू लपायचं नाही.

तुला काय होतंय ते मला कळत नाही. घरची आठवण म्हणावी तर हे घर आठवण काढण्यासारखं नाही. अभ्यास जड म्हणावा तर तू कधी जडाला घाबरली नाहीस. काय आहे ते सांग, नाहीतर दात आवळ आणि हातातलं पुरं कर. पुरं झालं की बरं वाटतं. मला तरी वाटतं.

आजी

*

१७ ऑक्टोबर

माननीय पालक,

मी महाविद्यालयाच्या विद्यार्थी मदत कक्षात काम करते. हे पत्र आपल्या नातीच्या संमतीने लिहीत आहे आणि पाठवण्यापूर्वी तिने ते वाचले आहे. "आजीला हे मी लिहू शकत नाही, तुम्ही लिहा," असे ती म्हणाली.

प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी प्रत्येक प्रयोगाचा अहवाल त्याच आठवड्यात सरांना दाखवायचा असतो. आतापर्यंत अकरा प्रयोग झाले. आपल्या नातीच्या नावापुढे एकाही अहवालाची नोंद नाही. २८ नोव्हेंबरपर्यंत किमान आठ अहवाल स्वीकारले गेले नाहीत, तर तिला परीक्षेला बसता येणार नाही आणि तिची इथली जागा जाईल.

ती प्रयोगशाळेत काही करतच नसावी, असा आमचा समज होता. मागच्या आठवड्यात मी तिला बोलावून घेतले. ती तशीच उठली. मग खोलीवर गेली आणि गादीखालून अकरा अहवाल आणून तिने माझ्या टेबलावर ठेवले. अक्षर मोत्यासारखे. काही तर चार-चारदा लिहिलेले. प्रत्येकात एखादा आकडा चुकलेला किंवा शेवटचे गणित राहिलेले. मी विचारले, "हे सरांना का दाखवले नाहीस?" ती म्हणाली, "आमच्यात अर्धं काम दाखवत नाहीत."

पहिल्या वर्षी अनेक मुले कुठे ना कुठे अशी अडकतात. हा बुद्धीचा प्रश्न नाही. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी तीन ते चार ती वरच्या वर्गातल्या एका मुलीबरोबर आमच्याकडे अभ्यासाला बसेल, अशी सोय मी केली आहे. पण अहवाल अजून तिच्या हातून सुटत नाहीत. माझ्या सांगण्याने ते होईलसे दिसत नाही. आपण तिला दोन ओळी लिहाल का?

आपली,
मदत कक्षातील समुपदेशक

*

२३ ऑक्टोबर

मदत कक्षातल्या बाईंना,

तुमचं छापील पत्र मी शिंप्याकडून वाचून घेणार होते. चार शब्द लावल्यावर लक्षात आलं की हे शिंप्याने वाचायचं पत्र नाही. म्हणून एकटीने लावलं. त्याला दोन दिवस गेले.

तुम्ही लिहिता, बुद्धीचा प्रश्न नाही. ते मला ठाऊक आहे. प्रश्न माझा आहे. ते "आमच्यात दाखवत नाहीत" माझं आहे. मीच तिला दिलं, लहानपणापासून घासून घासून. वर ऑगस्टात पत्र लिहून शाबासकीही दिली. तिच्यावर कुणी ओरडू नका. ओरडायचंच असेल तर पत्ता पाकिटावर आहे. फक्त मोठ्याने ओरडा.

मला तुम्हाला एक विचारायचं होतं. ते तुमचे सर अर्धवट काम बघून पोरांना हाकलतात, की कुठे बिघडलं ते सांगतात? अर्धवट बघण्यासाठीच बसलेत का ते? उत्तर लिहायची तसदी घेऊ नका. विचारता विचारता माझं मलाच कळलं. माझ्यावरही एक होती तशी.

तिला पत्र लिहिते. त्याआधी मला एक काम करायचं आहे, त्याला मंगळवार लागेल. तोवर ती जेवते का तेवढं बघा. "जेवण छान आहे" म्हणाली तर समजा जेवत नाही.

भिंगरीची आजी

*

२९ ऑक्टोबर

भिंगरे,

गादीखालचं बाहेर आलं ते बरं झालं. गादी तरी सपाट झाली असेल.

रागावलेली नाही. ऐक. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण मीच विसरले होते.

पंधराव्या वर्षी मी गिरणीत रफूच्या टेबलावर लागले. आमच्यावर एक मास्तरीण होती. नाकात तपकीर कोंबलेली, तोंडात शिवी. दर चार ओळी झाल्या की उठायचं, कापड उलटं करायचं आणि तिच्यापुढे धरायचं. ती बघायची, सुईच्या टोकाने चारातल्या तीन ओळी उसवायची आणि म्हणायची, "हं, चल." एवढंच. दोन वर्षं. दिवसातून वीस वेळा. दोन वर्षांत मी त्या बाईला अर्धं सोडून काही दाखवलंच नाही. पुरं झालेलं कापड तिने कधी हातात घेतलं नाही. पुरं झालं की त्यात शिकवायला काही उरत नाही, ते सरळ गाडीत चढतं.

अर्धं दाखवायचं नाही, हे फार नंतरचं. गिरणी बंद झाली, पुढच्या खोलीत दुकान मांडलं तेव्हाचं. एका बाईने तिची शाल अर्धी झालेली बघितली, तीही उलट्या बाजूने. लोंबणारे धागे बघून किंचाळली, शाल ओढून घेऊन गेली आणि सगळ्या बाजारात सांगत सुटली की मी तिचं वाटोळं केलं. त्या दिवसापासून मी नियम केला. तो गिऱ्हाइकासाठी होता. गिऱ्हाइकाला उलटी बाजू वाचता येत नाही, म्हणून ती त्याला दाखवायची नाही.

तू दुकानात वाढलीस. गिरणी तू बघितली नाहीस. मी तुला दुकानाचा नियम बांधून दिला आणि शिकायला पाठवलं. तू त्या सरांना गिऱ्हाईक समजलीस. ते गिऱ्हाईक नाहीत, भिंगरे. ते मास्तरीण आहेत. उसवायलाच बसलेत.

आता तू म्हणशील, म्हातारीला सांगायला काय जातं. म्हणून आधी मी करून बघितलं. काल मंगळवार. साडेपाचला वकील आले. पडदा ओढला नाही. म्हटलं, "वकीलसाहेब, कोट झालेला नाही."

"ते मला जुलैपासून कळतंय," ते माझ्या कानाशी ओरडले.

"वाफ द्यायची राहिली म्हटलं ते खोटं होतं. काळ्यावर काळं मला आता दिसत नाही. दोन तासांत चार ओळी होतात, त्यातल्या दोन उसवाव्या लागतात."

आणि कोट उलटा करून धरला त्यांच्यापुढे. धाग्यांची शेपटं, उरलेलं भोक, सगळं. त्यांनी चष्मा लावला. भोकात करंगळी घातली. ती अर्धीच गेली.

"एवढंच राहिलंय?"

"एवढंच म्हणजे पुष्कळ आहे."

"अहो बाई, मी जन्मभर फाईल इथेच धरतो." आणि बगलेतली फाईल छातीशी धरून दाखवली. भोक बरोबर तिच्याखाली. "साडेतीन महिने मी मेहुण्याचा कोट घालतोय. तो माझ्या दीडपट आहे. परवा न्यायाधीशांनी माझ्याकडे बघून विचारलं, वकील कुठे आहेत? द्या तो असाच. सुट्ट्या लागल्या की परत आणून देतो, उरलेलं तेव्हा करा."

घातला आणि गेले.

मला हलकं वाटलं असं तुला वाटेल. नाही. संताप आला. इतके मंगळवार मी पडद्यामागे बसले आणि हा माणूस फाईल धरतो.

तर आता ऊठ. अकरा अहवाल उचल. परत लिहायचे नाहीत. खोडायचं नाही. जसे आहेत तसे न्यायचे आणि म्हणायचं, "हे अर्धे आहेत, कुठे बिघडलं ते सांगा." त्याउपर एक शब्द नको, माफी नको, गोष्ट नको. आधी रडायचं असेल तर रडून घे, कागदावर नको, शाई फुटते.

उसवतील तेव्हा दुखेल. मलाही दुखायचं. मग ते "हं, चल" म्हणतील.

आजी

*

२९ नोव्हेंबर

आजी,

तुझं पत्र वाचून मी तीन दिवस काही केलं नाही. चौथ्या दिवशी अहवाल घेऊन सरांच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. पाचव्या दिवशी मदत कक्षातल्या बाई बरोबर आल्या. दारापाशी म्हणाल्या, "मी आत येणार नाही. इथे बाकावर बसून वर्तमानपत्र वाचते. तू गेलीस तरी वाचणार, नाही गेलीस तरी वाचणार." मग मला लाज वाटली आणि मी गेले.

सर उभ्याउभ्याच चाळायला लागले. मी तू सांगितलेलं वाक्य म्हटलं.

"हे कधीचं?"

"जुलैचं."

"आता नोव्हेंबर आहे."

"हो सर."

त्यांनी लाल पेन काढला. मी भिंतीकडे बघत राहिले. म्हणाले, "रंग गडद झाला म्हणून दिला नाहीस? निम्म्या वर्गाचा गडद झाला होता. गडद झाला असं लिहायचं आणि का झाला ते लिहायचं. मी दुसरं काय तपासतो?" आणि पुढचा कागद घेतला. आजी, तुझ्या पत्राची शपथ, ते "हं, चल" नाही म्हणाले. ते म्हणाले, "हं, पुढचा."

सात तिथेच घेतले, उशिराचे गुण कापून. चार परत दिले, ते प्रयोग पुन्हा करायला सांगितले. त्या वरच्या वर्गातल्या मुलीबरोबर मंगळवार-गुरुवार बसून मी दोन केले. ती माझं लिहिलेलं सरळ ओढून घेते आणि खोडते. पहिल्या दिवशी मी तिचा हात धरला होता. आता धरत नाही.

गुलाबी रंगाचा परवा पुन्हा केला. पुन्हा गडद झाला, पण कमी. तसं लिहिलं, का झाला तेही लिहिलं, दिला. तो आठवा. काल नववा दिला.

आज परीक्षेला बसणाऱ्यांची यादी लागली. माझं नाव खालून तिसरं आहे. मी दोनदा बोट ठेवून वाचलं. मग खोलीत आले आणि दुपारभर झोपले. आनंद व्हायला हवा होता, पण झोपच आली. खोलीतल्या मुलींनी मला चहाला उठवलं नाही. एकीने घड्याळही बंद करून ठेवलं होतं.

सरांनी तपासलेला एक कागद पाठवते आहे. तुला त्यातलं काही कळणार नाही, पण ही उलटी बाजू आहे. तूच म्हणालीस ना.

गणिताचं मात्र अजून काही खरं नाही. त्याबद्दल पुढच्या पत्रात लिहीन.

भिंगरी

*

८ डिसेंबर

भिंगरीस,

कागद मिळाला. खिडकीत धरून बघितला. एकोणीस लाल खुणा. मोजल्या. तुझे सर चांगले आहेत, हात आखडता घेत नाहीत. माझ्या मास्तरणीने पहिल्या दिवशी सगळंच उसवलं होतं, तुझ्या तर निम्म्या ओळी जागेवर आहेत. कागद सुयांच्या डब्यात ठेवलाय. भिंतीवर लावणार नाही, उगाच शिंपी विचारत बसेल.

आनंद झाला नाही, झोप आली, असं लिहिलंस. ठीकच आहे. गिरणीतून घरी आले की मलाही कधी आनंद झाला नाही, झोपच यायची. दमलेल्या माणसाने आनंदाची घाई करू नये. घड्याळ बंद करणाऱ्या पोरीला माझ्याकडून सांग, तिची एखादी उसवलेली शिवण असेल तर पाठव म्हणावं.

कोट परत आलाय. वकिलांना सुट्टी आहे, त्यामुळे कामधंदा नाही, त्यामुळे आता मंगळवारच काय, गुरुवारीही येतात. कोट उचलतात, उलटा करतात, चष्मा लावतात, बघतात आणि म्हणतात, "हं." परवा म्हणाले, "बाई, ही तिसरी ओळ जरा सैल वाटते." सैल होतीच. उसवली. पण त्या माणसाला काय अधिकार! अर्धं दाखवायचे तोटे हे असे असतात, ते मी तुला सांगितले नव्हते.

तुझ्या बापाला सगळं सांगितलं. त्याने स्टूल ओढून घेतलं. मग म्हणाला, मलाही शाळेत असंच व्हायचं. मी म्हटलं, "मग आधी का नाही बोललास?" तो म्हणाला, "पुरं सुचलं नव्हतं." एकाच घरात दोघांना मी

एक वाजून गेला, उजेड सरकला. आता अक्षरं दिसत नाहीत, अंदाजाने लिहिते आहे. अजून पुष्कळ लिहायचं होतं. नेहमीसारखी पत्र उशीखाली ठेवून उद्या पुरं करणार होते. नको. टपालवाला गल्लीत आहे, आहे तसं त्याच्या हातात देते.

आणि गणिताची वही कुठे आहे? आधी गादी उचलून बघ, मग पुढचं पत्र लिही.

आजी